चौथा कंडेन्सर आणि आईचं गोणपाट

काळाचौकी,
शनिवार, २ ऑगस्ट २००३

तीर्थस्वरूप सौ. गुणवंतीआत्यास,

मालनचा साष्टांग नमस्कार. तुझ्या गुडघ्याला उतार पडला असेल, रघूकाकांचा खोकला गेला असेल आणि रेवदंड्याला सगळे खुशाल असतील असं धरून चालते. आम्ही सगळे इथे खुशाल आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खरं काय ते पुढे येईलच.

आधी एक चूक दुरुस्त करते. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की रघूकाकांच्या सेटमधला बिघडलेला भाग तांदळाच्या कणीएवढा आहे. ते चूक आहे. कणीएवढा असता तर हे पत्र लिहायची वेळच आली नसती. ते पत्र पेटीत टाकून आले आणि मला राहवेना, म्हणून डब्यातून एक कणी काढली, सेटच्या प्लेटवर त्या भागाशेजारी ठेवली आणि भिंगातून बघितलं. कणी धोंड्यासारखी दिसली. मग तीळ ठेवला. तीळही मोठा झाला. आईनं राईचा दाणा आणून दिला, तो घरंगळून सेटच्या पोटात गेला आणि तो बाहेर काढण्यात अर्धी दुपार गेली (राई निघाली, पण ती तीच राई होती की आधीपासून आत असलेली दुसरी, हे मला अजून खात्रीनं सांगता येत नाही). शेवटी आईच्या टोपलीतला सुका जवळा घेतला. जवळ्याचा तो काळा डोळा असतो ना आत्या, तेवढा तो भाग आहे. तोही डोळा नखानं दाबून चपटा केलेला. तेव्हा मागच्या पत्रात ‘कणी’ आहे तिथे ‘जवळ्याचा डोळा’ असं वाचावं.

दुसरी चूक. मी ‘एक भाग’ लिहिलं होतं. ते चार आहेत. पण ते नीट कळायला थोडं मागून सांगावं लागेल. काही तुला माहीत आहे, तरी सांगते, कारण तुझ्याकडे ही हकिगत रघूकाकांच्या तोंडून गेलेली आहे आणि त्यांच्या तोंडून गेलेल्या गोष्टीत खोली नेहमी दोन वाव जास्त असते.

तुझ्या धाकट्या नणंदेच्या मुलीच्या साखरपुड्यात रघूकाका सांगत होते की होडीवरचा पाण्याची खोली दाखवणारा सेट खाऱ्या पाण्यानं बंद पडला, आणि विकणारा म्हणतो आतली अख्खी प्लेट बदला. गेल्या साली सेट नीट दाखवत नव्हता तेव्हा जाळं खडकात अडकून कसं फाटलं तेही त्यांनी सांगितलं, आणि यंदा सेटशिवाय पोरांना घेऊन खोल पाण्यात जायचं म्हणजे डोळे बांधून जाण्यासारखं आहे, असं म्हणाले. बाबांच्या हातात जेवणाचं ताट होतं. ते ताट खाली ठेवून बाबा उठून उभे राहिले (मागच्या पंगतीला ऐकू जावं म्हणून, असं माझं मत आहे) आणि म्हणाले, “प्लेट बदलायला ती काय कपबशी आहे? आण इकडे. पौर्णिमेला नारळ सोडशील तेव्हा तुझ्या होडीवर सेट लागलेला असेल.” सगळ्यांनी ऐकलं. तूही ऐकलंस, आणि तू माझ्याकडे बघितलंस. तुझी ती नजर मी विसरलेली नाही.

आता बाबांचं. तू त्यांची मोठी बहीण, तुला मी काय सांगणार. पण संपाच्या आधी ते गिरणीत वायरमन होते, संपानंतर गिरणीनं त्यांना परत घेतलं नाही, आणि मग खोलीतल्या खिडकीशी टेबल मांडून त्यांनी लोकांचे रेडिओ दुरुस्त करायला सुरुवात केली, तेव्हापासून ते टेबल म्हणजे बाबाच आहेत. मी नीट चालायला लागले ते त्या टेबलाचा पाय धरून. दुसरीत होते तेव्हा त्यांनी माझ्या हातात पहिल्यांदा आयर्न दिलं (कपड्याच्या इस्त्रीचं नव्हे, डाख लावायचं, पेन्सिलीएवढं आणि तापलेलं). शाळेत पाढे नंतर पाठ झाले, आधी बाबांचे नियम पाठ झाले. आयर्न लेखणीसारखं धरायचं. मनगट टेकलेलं पाहिजे. डाख चमकला नाही तर तो डाख नव्हे. आणि प्रत्येक डाखानंतर आयर्नचं टोक ओल्या गोणपाटाला पुसायचं. बाहेर दुकानांतून त्यासाठी स्पंजचा तुकडा असतो असं मी पुढे बघितलं. आमच्याकडे आईच्या माशांच्या टोपलीवरचं ओलं गोणपाट असतं. ते सकाळी बाजारात मासे झाकतं आणि दुपारी घरी आल्यावर आयर्न पुसतं. त्यामुळे आमच्याकडे दुरुस्त झालेल्या रेडिओला जरासा बोंबलाचा वास येतो, पण आवाज स्वच्छ असतो. हे गोणपाट लक्षात ठेव.

रेडिओंच्या वेळी प्रत्येक भागाला पाय होते. पाय प्लेटच्या भोकांतून खाली उतरायचे, मागून डाख लावायचा. काढायचा झाला तर मागून तापव, पुढून ओढ. आता भागांना पायच राहिलेले नाहीत. ते प्लेटवर नुसते आडवे पडलेले असतात, दोन टोकांना डाखानं चिकटलेले. बाबा म्हणतात ही चिकटवाचिकटवी आहे, काम नव्हे. आणि गंमत अशी (गंमत नाहीच, पण दुसरा शब्द सुचत नाही) की असा भाग सोडवायचा तर दोन्ही टोकांचा डाख एकाच वेळी वितळला पाहिजे. म्हणजे दोन हातांत दोन आयर्न, आणि उचलायला चिमटा. हात तीन लागतात. मला देवानं दोनच दिलेत.

बाबांनी सेट उघडला, मीटर लावला आणि दोष लगेच शोधला. ते खरंच लगेच शोधतात, त्याला नजर लागत नाही, मीटरचा आवाज लागतो. वीज आत येते तिथेच ती फुकट जमिनीत जात होती. तिथे चार कंडेन्सर ओळीनं बसवलेले आहेत, दिसायला एकासारखा एक, अंगावर ना नाव ना आकडा. चौघांपैकी एक आतून फुटलेला आहे. पण चौघं एकमेकांना जोडलेले असल्यामुळे कोणाच्याही अंगावर मीटर ठेवला तरी तो ओरडतो. गुन्हा एकाचा, बोंब चौघांच्या नावानं. एकेक काढून बघायचा. ज्याला काढल्यावर मीटर गप्प होईल तो गुन्हेगार. हे मी म्हटल्यावर बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, “एकासाठी चौघांना काढायचं. गिरणीत हेच केलं होतं.” मग म्हणाले, “मालन, तू काढ.” मला वाटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे. तो तत्त्वाचा नव्हता, हे मला नंतर कळलं.

पहिला. एका आयर्ननं एक टोक तापवलं, वितळलं. चटकन दुसऱ्या टोकाला गेले, ते वितळलं, तोवर पहिलं घट्ट. परत पहिलं, तोवर दुसरं घट्ट. असं किती वेळ चाललं होतं ते सांगत नाही, पण आई जेवून, भांडी घासून, शेजारी जाऊन परत आली. बाबा मागे बसून ऐकत होते. (ते हल्ली बघण्याऐवजी ऐकतात. मला वाटायचं विश्वास आहे.) ते म्हणाले, संपाच्या वाटाघाटी अशाच चालल्या होत्या, एक बाजू जरा मऊ झाली की दुसरी घट्ट झालेली असायची, आणि सगळं एकाच वेळी वितळलं असं कधी झालंच नाही. मी म्हटलं, “बाबा, मग शेवटी काय झालं?” तर म्हणाले, “मोडलं.” तेवढ्यात कंडेन्सर मोडला. अर्धा माझ्या चिमट्यात, अर्धा प्लेटवर. उरलेला अर्धा खरवडून काढला आणि मीटर लावला. मीटर ओरडला. म्हणजे तो निर्दोष होता. मला फार वाईट वाटलं. मी तो अर्धा एका डबीत ठेवला आहे.

दुसरा. या वेळी मी वेगळी युक्ती केली. दोन्ही टोकांवर भरपूर डाख घातला, इतका की दोन्हीकडचा थेंब मिळून एकच झाला आणि कंडेन्सर त्याच्यात बुडाला. मग एकच आयर्न पुरलं. सगळा थेंब एकदम वितळला, कंडेन्सर सुटला, तरंगला आणि आयर्नच्या टोकाला येऊन चिकटला. आत्या, इतका आनंद मला बारावीच्या निकालालाही झाला नव्हता. आणि त्या आनंदात, दुसरीपासून लागलेल्या सवयीनं, मी आयर्न गोणपाटाला पुसलं.

गोणपाट झटकून बघितलं, उलटं करून बघितलं, भिंग लावून बघितलं. त्याच्यावर चमकणारी बारीक गोष्ट एक नव्हती, शेकड्यांनी होत्या. आईनं त्या दिवशी बोय विकली होती आणि गोणपाटभर बोयची खवलं होती. डाखाचे बारीक थेंबही खवलांसारखेच चमकतात, हे मला पहिल्यांदाच कळलं. मी एकेक उचलून मीटर लावत बसले. खवलाला मीटर लावला तर काय होतं असं तू विचारशील. काही होत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठायच्या आत गोणपाट आईबरोबर बाजारात गेलं. श्रावण तोंडावर, सगळ्यांना त्याच्या आधी खाऊन घ्यायचं होतं, टोपली दहाच्या आत रिकामी झाली. आई परत आली तर गोणपाट नळावर स्वच्छ धुऊन आणलेलं. तिनं ते वर्षातून दोनदा धुतलं तर धुते.

आता कंडेन्सर हरवला म्हणून सेटचं काही अडत नव्हतं, मीटर तर त्याला काढल्यावरही ओरडतच होता, म्हणजे हाही निर्दोष. पण तो कोणाच्या पोटात गेला असेल तर? मला रात्री झोप लागेना. आईचं गिऱ्हाईक मला माहीत आहे. गोणपाट बाजारात गेलं त्या दिवशीही टोपलीत बोयच होती आणि ती लीलाताईंनी नेली होती, परळच्या, आपल्या जुन्या. मी त्यांच्या घरी गेले आणि शक्य तितक्या आडून विचारलं की काल बोयमध्ये काही टणक लागलं का. त्या म्हणाल्या, “टणक? दमयंतीच्या माशात?” मी म्हटलं, काटा नव्हे, काट्यापेक्षा लहान. त्या म्हणाल्या, “काट्यापेक्षा लहान ते काय असतं?” मी खरं सांगितलं. लीलाताईंनी तेव्हापासून आईकडून काही घेतलेलं नाही. श्रावण पाळतायत असं त्यांनी कळवलंय, पण त्यांनी तो आषाढातच सुरू केला. आई मला म्हणाली, “काय गो, तुज्या बापसानं तुला खरं बोलायला शिकवलंन, गप बसायला कोण शिकवनार?” आणि “माज्या गोणपाटाला हात लावशील तर बग.” आता मी आयर्न बाबांच्या जुन्या बनियनला पुसते. ते जळतं.

तिसरा. इथे माझ्या हातून जे झालं ते बाबांना माहीत नाही, तेव्हा हा परिच्छेद रघूकाकांना मोठ्यानं वाचून दाखवू नकोस. भोईवाड्याच्या कोपऱ्यावर चंदूचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याच्याकडे गरम हवेचं यंत्र आहे. केस वाळवायचं असतं तसं, पण त्याच्या फुंकेनं डाख वितळतो. बाबांच्या मते चंदू म्हणजे फुंकर मारून पोट भरणारा माणूस. मी सेटची प्लेट जेवणाच्या डब्यात घातली, वर पोळी पांघरली आणि बाबांना सांगितलं की मैत्रिणीकडे जाते. (चंदूला मी ओळखते, तेव्हा मैत्री धरली तर ते अगदी खोटं नाही. तरी मला ते खोटंच वाटतंय.) चंदूनं प्लेट हातात घेतली, वास घेतला आणि म्हणाला, “ताई, हे काय आहे? भाजी कुठे?” मग त्यानं फुंक मारली, आणि तिसरा कंडेन्सर असा अलगद सुटला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी डोळ्यांत असतानाच मला दिसलं की शेजारची पांढरी प्लास्टिकची पट्टी, जिच्यात पडद्याची वायर बसते, ती उन्हातल्या कुल्फीसारखी एका कोपऱ्यात खाली बसली आहे. चंदूनं यंत्र बंद केलं. मीटर लावला. ओरडला.

म्हणजे चौथा. इतके दिवस चौथा तिथे शांत बसून होता आणि मी तिघा निरपराध्यांना काढत होते. तो त्या पांढऱ्या पट्टीला अगदी खेटून आहे. चंदू म्हणाला, “ताई, ह्याला हवा मारली ना, तर पट्टी खल्लास, मग पडदाच नाय लागणार. हा हातानेच काढायला लागेल. आणि जपून. खालचं तांबं उचकटलं तर प्लेट गेली समज.” चार नवे कंडेन्सर त्यानं कागदाच्या पुडीत बांधून दिले; बसवणं सोपं आहे, मी दहादा बसवेन. पट्टीचा कोपरा मी सुईनं सरळ केला, वायर आता बसते, कुरकुरते पण बसते. उरलं आहे ते एवढंच, चौथा काढायचा. एका बाजूला प्लास्टिक, दुसऱ्या बाजूला केसाएवढं तांबं, आणि मधे जवळ्याचा डोळा. थेंबाची युक्ती इथे चालत नाही, थेंब पट्टीला लागतो. दोन आयर्न आणि एक चिमटाच पाहिजे.

मी घरी येऊन बाबांना म्हटलं, तीन झाले, चौथाच आहे. (तिसरा कसा झाला ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.) बाबा म्हणाले, “चौथा मी काढतो. शब्द मी दिलाय.”

आत्या, आता लिहिते ते लिहावं की नाही याचा मी फार विचार केला. बाबांना दिसत नाही. अगदी दिसत नाही असं नाही, पण मोतीबिंदू पिकला आहे. डॉक्टरांनी दोनदा तारीख दिली, बाबा म्हणतात पौर्णिमेनंतर बघू. कोणत्या पौर्णिमेनंतर ते सांगत नाहीत. ते आता चष्म्यावर चष्मा लावतात, खालचा जवळचा, वरचा लांबचा, आणि तरी बटण शोधतात ते बोटानं. आणि त्यांचा हात थरथरतो. परवा दुपारी मी खाली पाणी भरायला गेले होते ते अचानक वर आले, तर बाबा एका मेलेल्या प्लेटवर सराव करत होते. प्लेटवर एकही डाख नव्हता. टेबलावर होते, बरेच. एक त्यांच्या अंगठ्याच्या नखावर होता. मला बघून त्यांनी आयर्न गोणपाटाला पुसायला म्हणून हात केला, तिथे गोणपाट नव्हतं, आणि हात नुसताच हवेत राहिला. मी म्हटलं, चहा करते. चहा केला. मग तो मीच प्यायले.

मला कळलं की त्यांनी ‘मालन, तू काढ’ का म्हटलं होतं. आणि हेही कळलं की शेवटच्यासाठी ते मला ‘तू काढ’ म्हणू शकणार नाहीत. साखरपुड्यात उभं राहून बोललेला माणूस ते. मी करू दिलं तर तांबं उचकटेल, सेट जाईल, रघूकाका आणि पोरं खोली न बघता जातील. ‘तुम्ही करू नका’ म्हटलं तर सेट कदाचित होईल आणि त्या टेबलाशी परत बाबा बसणार नाहीत. मला दोन्ही टोकं एकाच वेळी तापवता येत नाहीत. त्यातून मी एकटीनं दोन आयर्न धरून पाहिली, आणि चिमटा दातात. ते कसं झालं ते मला लिहायचं नाही. ओठ बरा आहे.

तर अशी इथली खुशाली आहे. आई मजेत आहे, म्हणजे रागावली आहे. पाऊस आहे. रघूकाकांना नमस्कार सांग आणि त्यांनी सेटचं विचारलं तर ‘काम चालू आहे’ एवढंच सांग. ते खोटं नाही. पोरांना माझी आठवण दे, आणि तुझ्या गुडघ्याला तिळाचं तेल लाव. (तीळ म्हटलं तरी हल्ली मी आधी भिंग शोधते.)

तुझी भाची,
मालन

ता. क. वरचं सगळं पत्र मी एक मागणं मागायला लिहिलं आणि तेवढंच लिहायचं राहिलं. फोन करता येत नाही. तुझ्याकडे तो रघूकाका उचलतात आणि आमच्याकडे बाबा शेजारी बसलेले असतात. मागणं असं: तू एक रीत काढ. तुला ते जमतं. माझ्या बारशाला तू भर घरात सांगितलंस की आपल्याकडे बाळाच्या आत्यानं सरंग्याचं पहिलं डोकं खायचं असतं, आणि सगळ्यांनी ते तुला दिलं; आई म्हणते ही रीत तिच्या सासूलाही ठाऊक नव्हती, आणि आता ती घरोघर पाळतात. तशीच एक रीत मला पाहिजे. नारळी पौर्णिमेला होडीवर जी वस्तू चढते तिला शेवटचा हात माहेरच्या कुवार लेकीचा लागावा लागतो, नाहीतर दर्या रागावतो, असं काहीसं. बाबा देव मानत नाहीत, दर्याही फारसा मानत नाहीत, पण तुला मानतात. राखीच्या पाकिटात चिठ्ठी घाल. अक्षर मोठं काढ, म्हणजे ते स्वतः वाचतील. मी वाचून दाखवली तर माझं तोंड बघून त्यांना कळेल. खोटी रीत मागते म्हणून माझ्यावर रागावू नकोस. मी स्वतःवर रागावले आहे, तेवढं पुरे.

ता. क. (रविवार, ३ ऑगस्ट) वरचा ता. क. रद्द समज. रीत काढू नकोस. काढली असशील तर स्वतःजवळ ठेव, पुढे कुठे उपयोगी पडेल.

झालं असं की तुला लिहिलेल्या प्रत्येक पत्राखाली बाबा दोन ओळी लिहितात, ते मी विसरले. आज सकाळी त्यांनी पत्र मागितलं. दोन्ही चष्मे लावले, कागद खिडकीकडे धरला, जवळ नेला, लांब नेला, आणि माझ्याकडे परत दिला. “वाच,” म्हणाले. मी वाचलं. काही ओळी गाळाव्यात असं मनात होतं, पण गाळायच्या ओळीशी आले की माझा आवाज जातो आणि बाबा आवाजावरूनच दोष शोधतात. चंदूचं वाचलं. हाताचं वाचलं. नखाचं वाचलं. ता. क.सुद्धा वाचला. आई टोपली बांधत होती, ती थांबली. वाचून झाल्यावर मी लगेच म्हटलं, “खोडते.”

बाबा म्हणाले, “खोडू नकोस. प्लेटवर काय खोडलंयस तेवढं पुरे.” मग म्हणाले, “साखरपुड्यात मी उभा राहिलो ते मागच्यांना ऐकू जावं म्हणून नाही. पाय आखडला होता.” (ही दुरुस्ती मी त्यांच्या सांगण्यावरून लिहिते. माझं मत आहे तेच आहे.) मग म्हणाले, “आणि ताईला रीत-बीत काढायला सांगू नकोस. ती काढेल, आणि मग मला जन्मभर पाळावी लागेल. सरंग्याचं डोकं मलाही आवडायचं.”

मग आईनंच तोंड उघडलं. म्हणाली, “तीन हात लागतान ना? तुजे दोन हायत. ह्यांचा एक हाय. मोजायला काय मीटर पायजे?”

मी म्हटलं, पण बाबांचा हात. बाबा म्हणाले, “आयर्न तू धर, दोन्ही. तिथे नजर लागते. चिमटा मी धरतो. तू आणून कंडेन्सरवर टेकवून दे, मी सोडत नाही. घट्ट असेल तोवर माझा हात काय करणार, हलून हलून त्याच्यावरच हलणार. दोन्हीकडे वितळलं की तो माझ्याबरोबर हलायला लागेल. तुला दिसायच्या आधी मला लागेल. मग वर.” आणि म्हणाले, “स्थिर हाताला हे कळलं नसतं.” हे ते मला सांगत होते की स्वतःला, ते मला कळलं नाही, पण आई माझ्याकडे बघून मान हलवत होती.

दुपारी मेलेल्या प्लेटवर करून बघितलं. पहिल्या खेपेला आमच्या तिघांचीही डोकी एकमेकांवर आपटली (आईचं तिथे काही काम नव्हतं). दुसऱ्या खेपेला बाबा एकदम “सुटला!” म्हणाले, आणि खरंच, मला अजून चमकही दिसली नव्हती. तांबं जागच्या जागी. तो भाग मात्र वर गेला तो कुठे गेला ते माहीत नाही. आईनं सगळ्यात आधी टोपली झाकली.

तरी मला भीती आहेच, आत्या. मेलेली प्लेट वेगळी आणि रघूकाकांची वेगळी. मला रोज करावंसं वाटतं आणि रोज उद्यावर ढकलावंसं वाटतं. शेवटी बाबांनीच दिवस धरला. रघूकाका सेट न्यायला पुढच्या रविवारी येणार, त्याच्या आदल्या दिवशी. ते भिंतीवरच्या कॅलेंडरला नाक लावून बघत होते, मग बोटानं चौकोन चाचपत म्हणाले, “चले जावचा दिवस आहे. चौथ्याला काढायला ह्याहून बरा दिवस मिळायचा नाही.” आई त्या दिवशी बाजारात जाणार नाही; गोणपाट धुऊन, घडी घालून टेबलावर ठेवणार आहे, आयर्न पुसायला. हे तिचं तिनंच सांगितलं.

बाबांच्या दोन ओळी या खेपेला नाहीत. ते म्हणाले, तुझं पत्र पुष्कळ झालं, खाली फक्त दिवस लिही, म्हणजे ताई घरी बसून श्वास धरेल.

शनिवार, ९ ऑगस्ट.